नशेच्या वेलीनं शुगर जाते का?

राम राम मंडळी!

अमळनेरहून एका काकांचा निरोप आलाय. "भाऊ, त्या नशेच्या वेलीनं शुगर जाते म्हणतात, हाई खरं शे का?"

काका, वेल खरी आहे आणि संशोधनही खरं आहे. पण शुगर जाते, असं आज कुणीही म्हणू शकत नाही. यातलं जे खरं आहे, ते मात्र फार भारी आहे. म्हणून नीट समजून घेऊ.

ही वेल ॲमेझॉनच्या जंगलातली. तिथले लोक ती दुसऱ्या एका झाडाच्या पानांसोबत उकळून आयाहुआस्का नावाचा काढा करतात. भास होतात ते मुख्यतः पानांतल्या डीएमटी नावाच्या रसायनामुळे. ते डीएमटी पोटातच मोडून जाऊ नये, हे काम वेलीतलं हार्मिन नावाचं रसायन करतं. मधुमेहाच्या संशोधकांना रस आहे तो या हार्मिनमध्ये. आपल्याकडे वायव्य भारतात उगवणाऱ्या हरमलच्या बियांमध्येही ते सापडतं.

(स्क्रीनवर: स्वादुपिंडाचं चित्र)

इन्सुलिन बनतं स्वादुपिंडातल्या बीटा पेशींमध्ये. लहानपणी या पेशी वाढतात, मोठेपणी त्यांची वाढ जवळजवळ थांबते. टाइप 1 मध्ये आपलीच रोगप्रतिकारशक्ती त्यांना मारते. टाइप 2 मध्ये शरीर इन्सुलिनला दाद देत नाही, पेशी जादा काम करून थकतात आणि कमी होत जातात. आता आपल्या गोळ्या बघा. मेटफॉर्मिन यकृतातून येणारी साखर आवरतं. काही गोळ्या उरलेल्या पेशींकडून जास्त काम करून घेतात. गेलेल्या पेशी माणसात परत आणणारं रोजच्या वापरातलं औषध अजून नाही. खरी अडचण तिथेच आहे.

2015 साली न्यूयॉर्कच्या माउंट सायनाय संस्थेत अँड्र्यू स्ट्युअर्ट यांच्या गटानं एक लाखाहून जास्त रसायनं तपासली. त्यातून हार्मिन पुढे आलं. बीटा पेशींच्या वाढीला डीवायआरके-1-ए नावाचं एन्झाइम ब्रेक लावून बसतं. हार्मिन तो ब्रेक सैल करतं आणि माणसाच्या बीटा पेशी पुन्हा विभागायला लागतात.

मग 2024 मध्ये त्याच संशोधकांनी, कॅलिफोर्नियाच्या सिटी ऑफ होप संस्थेसोबत, हार्मिनला जीएलपी-1 या गटातल्या एक्झेनाटाइड नावाच्या मधुमेहाच्या औषधाची जोड दिली. (या औषधाची कल्पना गिला मॉन्स्टर या विषारी सरड्याच्या लाळेतून आली. औषध कुठून येईल, काही सांगता येत नाही!) माणसाच्या बीटा पेशी उंदरांत बसवल्या आणि दोन्ही औषधं दिली. तीन महिन्यांत पेशी चार ते सात पट झाल्या. मी हे वाचलं तेव्हा आकडा दोनदा तपासला.

पण पेशी माणसाच्या असल्या तरी शरीर उंदराचं होतं, हे विसरू नका. शिवाय हा ब्रेक फक्त स्वादुपिंडात नाही, इतर अवयवांतही आहे. तिथे पेशी वाढलेल्या चालणार नाहीत. टाइप 1 मध्ये नव्या पेशींवरही पुन्हा हल्ला होईल, तो थांबवायला वेगळं औषध लागेल. आणि निरोगी माणसांना नुसतं हार्मिन दिलं, तेव्हा डोस वाढताच मळमळ आणि उलट्या झाल्या. म्हणून मेंदूवर परिणाम न करता स्वादुपिंडावर काम करतील अशी त्याची सुधारित रूपं बनवायचं काम सुरू आहे. म्हणजे इथे नशा नकोच आहे.

म्हणून हात जोडून सांगतो, बाजारातून हरमल आणून उकळू नका. इन्सुलिन किंवा शुगरच्या गोळ्या चालू असताना उलट्या झाल्या, जेवण गेलं नाही, तर साखर धोकादायक खाली जाते. नैराश्याच्या गोळ्या चालू असतील तर हार्मिन जिवावर बेतू शकतं. आणि बांधावरच्या धोत्र्याचा तर यात काहीच संबंध नाही, ते सरळ विष आहे. डीएमटी, एलएसडी, सायलोसायबिन हे पदार्थ 1985 च्या एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांच्या कायद्यात येतात, तेही लक्षात असू द्या.

सायलोसायबिन, म्हणजे काही अळंब्यांतलं द्रव्य, त्याची गोष्ट वेगळी आहे. त्याचा अभ्यास चाललाय तो मुख्यतः नैराश्यावर. 2022 मध्ये 233 रुग्णांवरच्या चाचणीचे निकाल आले. इतर औषधांना दाद न देणारं नैराश्य, 25 मिलिग्रॅमचा एकच डोस, सोबत प्रशिक्षित माणसांचा आधार. तुलनेसाठी काहींना फक्त 1 मिलिग्रॅम दिलं होतं. तीन आठवड्यांनी त्यांच्यापेक्षा 25 मिलिग्रॅमवाल्यांत फरक चांगला दिसला. ही चाचणी मधुमेहींसाठी नव्हती. तरी मी ती सांगतोय, कारण मधुमेह असलेल्यांत नैराश्य इतरांच्या जवळपास दुप्पट आढळतं.

आणि हे आपण घराघरांत बघतो. वादळात रावेर-यावलकडे केळीची बाग आडवी होते, त्यानंतर माणूस बोलत नाही, जेवणाच्या वेळा चुकतात, इन्सुलिन राहून जातं. घरचे म्हणतात, "आबांना टेन्शन आहे." शुगर वाढली की डोस वाढतो. मनाचं कुणी विचारत नाही. मला हे फार टोचतं.

सायलोसायबिनचा उपचार आपल्या दवाखान्यात कधी येईल तेव्हा येईल, पण नैराश्यावर आजही चांगले उपचार आहेत. पुढच्या तपासणीला जाताना रिपोर्टसोबत डॉक्टरांना हेही सांगा: झोप लागत नाही, कशात मन लागत नाही, गोळ्या घ्यायची इच्छा होत नाही. डॉक्टरांकडे बोलायला जड जात असेल तर टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा 14416 हा सरकारी नंबर आहे. फोन मोफत आहे आणि मराठीत बोलता येतं.