पिवळ्या पानाची बाजू

अध्यक्ष महाराज आणि मंडळी,

पत्रिकेवर विषय छापलाय ‘नत्रखत आणि गव्हाची चयापचय क्रिया’. तो वाचूनही तुम्ही एवढे जण आलात. म्हणजे एकतर नाशिककरांची ज्ञानाची भूक दांडगी आहे, नाहीतर व्याख्यानानंतर मिसळ आहे ही बातमी फुटलेली आहे. असो. मिसळीबरोबरच्या पावाचाही आजच्या विषयाशी संबंध आहे, वेळ उरला तर तिथपर्यंत येतो.

मला सांगायचंय एवढंच, की गव्हाच्या पिवळ्या पानाची आपण विनाकारण बदनामी केलीय. इथे बसलेल्यांपैकी निम्म्यांचं घर गंगापूर रोडला आणि जमीन तालुक्याला आहे. तुम्हाला ‘काळोखी’, म्हणजे पिकाचा तो गडद हिरवेपणा, वेगळा सांगायला नको. बांधावर उभं राहून शेजाऱ्याच्या गव्हाची काळोखी बघायची आणि रात्री झोप उडवून घ्यायची, हा आपल्याकडचा जुना आजार आहे.

माझे थोरले चुलतभाऊ तात्या, निफाड तालुक्यात असतात. निफाड म्हणजे गव्हाचं माहेर. कुंदेवाडीला राहुरीच्या कृषी विद्यापीठाचं गहू संशोधन केंद्र आहे. ‘त्र्यंबक’, ‘तपोवन’ हे वाण तिथले. पण वर्तमानपत्रांना ते केंद्र आठवतं फक्त थंडीत, ‘निफाडचा पारा घसरला’ असं छापायचं असलं की. अख्खं केंद्र जणू तापमापकासाठीच उभारलंय!

तर एका वर्षी डिसेंबर सरताना तात्यांचा फोन आला. “मास्तर, शेजारच्या रानाला बघ काय काळोखी आलीय. आमचं मात्र फिकट. औषध सांग.” मी जाऊन पाहिलं. गहू कांडी धरत होता, म्हणजे खोडाला पेरं सुटत होती, फुटवे चांगले होते. अगदी खालचं एखादं पान फिकटलेलं, तेही वरच्या पानांच्या सावलीत गेल्यामुळे. म्हटलं, “तात्या, पीक उत्तम आहे, काही टाकू नका.” तात्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, की एवढं शिकून याचा उपयोग काय!

दुसऱ्या दिवशी तात्या मला घेऊन दुकानात गेले. दुकानाचं नाव सांगत नाही, सगळीकडे तोच प्रकार आहे. युरियाची पंचेचाळीस किलोची गोणी, किंमत छापील २६६ रुपये ५० पैसे. दुकानदार म्हणाला, “युरिया आहे, पण सोबत ही पिकाच्या औषधाची बाटली घ्यावी लागेल.” बाटली गोणीपेक्षा महाग. याला म्हणतात लिंकिंग. हसताय म्हणजे तुमच्याही घरी बाटल्या आहेत! मी बाटली हातात घेऊन पाहिली. लेबलवर पिळदार दंडाचा शेतकरी आणि बाजूला भली मोठी ओंबी. ती ओंबी गव्हाची नव्हतीच. चपटी, लांब सरळ कुसळांची, चक्क बार्लीची! मी ते दुकानदाराला दाखवलं. तो म्हणाला, “सर, फोटो आहे तो, पिकाला कुठे कळतंय?” सरकारने २०१५ मध्ये सगळ्या देशी युरियाला कडुनिंबाचं आवरण सक्तीचं केलं, २०१८ मध्ये गोणी पन्नासची पंचेचाळीस किलोची केली. पण या बाटलीला आवर घालणारं कोणी मिळालेलं नाही. तात्यांची बाटली अजून गोठ्यातल्या फळीवर आहे, सीलसुद्धा फुटलेलं नाही.

युरिया मात्र पडला. एकदा कांडी धरताना आणि पुन्हा पोटरीत, म्हणजे ओंबी अजून पानाच्या आवरणात असताना. वीज रात्रीची, त्यामुळे तात्या थंडीत कानाला मफलर गुंडाळून पाणी भरत होते. आठ-दहा दिवसांत अशी काळोखी आली, की रस्त्याने जाणारे मोटारसायकल थांबवून बघायला लागले. तात्या खूश. मग माव्याची कीड आली. येणारच, पानातला रस अमिनो आम्लांनी गोड झालेला, माव्याला आयतं जेवण. आणि फेब्रुवारीत पाणी भरलेलं असताना वारा सुटला. सकाळी अर्धं रान आडवं. हार्वेस्टरवाल्याने बांधावरूनच मान हलवली. गहू हाताने सोंगावा लागला. वहिनी मला म्हणाल्या, “भाऊजी, तुमच्या भावाला सांगा, काळोखी खळ्यावर येत नाही.” माझ्या आजच्या व्याख्यानाचा सारांश वहिनींनी तेव्हाच सांगितला होता.

गहू लोळण्याची ही गोष्ट जुनी बरं का. पूर्वीचे उंच गहू भरपूर खत दिलं की आडवे व्हायचे. जपानच्या ‘नोरिन १०’ या बुटक्या वाणातले जनुक नॉर्मन बोरलॉग यांनी मेक्सिकोत गव्हात आणले. ते वाण साठच्या दशकात आपल्याकडे आले आणि १९७० मध्ये बोरलॉगना शांततेचं नोबेल मिळालं. गव्हाला बुटका केला तो खत पेलावं म्हणूनच. त्यालासुद्धा आडवा पाडून दाखवण्याची किमया मात्र आपली.

अध्यक्षांनी चिठ्ठी दिलीय, ‘दहा मिनिटे’. अरे, चयापचय तर अजून सुरूच व्हायचंय! ठीक आहे, पळत पळत जाऊ.

युरियात ४६ टक्के नत्र, म्हणजे नायट्रोजन. जमिनीत युरीएज हे विकर, म्हणजे एन्झाइम, त्याचा अमोनिया करतं, मग जिवाणू त्याचं नायट्रेट करतात. वरवर फेकून ठेवला तर अमोनिया हवेत उडतो, ते तुम्हाला माहीत आहे. मुळं मुख्यतः नायट्रेट उचलतात. पण नायट्रेट पिकाला तसंच वापरता येत नाही. त्याचा परत अमोनिया करावा लागतो आणि नत्राच्या एकेका अणूमागे आठ इलेक्ट्रॉन खर्ची पडतात. हा खर्च सूर्यप्रकाशातून निघतो किंवा साखर जाळून. अमोनिया साठला तर विषारी, म्हणून पीक त्याला लगेच बांधून टाकतं. त्यातून ग्लुटामिन होतं, मग बाकीची अमिनो आम्लं. हे बांधायला लागणारा कार्बनचा सांगाडाही साखरेतूनच येतो. म्हणजे युरिया स्वस्त तुम्हाला, पिकाला नाही. कांडी धरताना नत्र वारेमाप मिळालं, की साखर नव्या पानांवर आणि फुटव्यांवर उडते. कांड्या लांबतात, भिंती पातळ राहतात, आणि पुढे दाणा भरायला खोडात जी साखर साठायला हवी तीही कमी पडते.

आता पान. पानातलं सुमारे तीन चतुर्थांश नत्र हरितलवकांत, म्हणजे पेशींतल्या हिरव्या कणांत असतं. त्यात मोठा वाटा रुबिस्को या एकाच प्रथिनाचा. ते हवेतला कार्बन डायऑक्साइड पकडतं आणि नत्राचं कोठारही तेच. तुम्हा निवृत्तांना सांगायचं तर हा पानाचा प्रॉव्हिडंट फंड: नोकरीभर कापला जातो आणि शेवटी पोराबाळांच्या हाती जातो. गहू निसवून, म्हणजे ओंब्या बाहेर पडून, फुलोरा झाला, की पान स्वतःचं रुबिस्को मोडायला घेतं. अमिनो आम्लं खोडातून ओंबीत जातात, हरितद्रव्यही मोडतं आणि पान पिवळं पडतं. दाण्यातलं बहुतेक नत्र फुलोऱ्याआधीच उचललेलं असतं, ते असं पानाखोडातून येतं.

हिशेब करा. एकरी सोळा क्विंटल गहू, प्रथिनं बारा टक्के, म्हणजे १९२ किलो. गव्हाच्या ५.७ किलो प्रथिनात साधारण एक किलो नत्र, म्हणून त्याला ५.७ ने भागलं की नत्र साधारण ३४ किलो. युरियाच्या एका गोणीत वीस किलोच्या वर नत्र असतं. वेळेवर पेरलेल्या बागायती गव्हाला शिफारस आहे हेक्टरी १२० किलो नत्र, म्हणजे एकरी ४८. वरच्या गोण्या कुठे जातात? काही हवेत, काही विहिरीच्या पाण्यात आणि काही शेजाऱ्याच्या डोळ्यांत.

पिवळेपणाचा मोठा पुरावा २००६ चा. कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या संशोधकांनी रानटी एमर गव्हातलं एक जनुक शोधलं. ते पान लवकर पिवळं करतं. नेहमीच्या गव्हात त्या जातीच्या जनुकांचा आवाज दाबला, तर पानं नेहमीपेक्षा तीन आठवड्यांहून जास्त काळ हिरवी राहिली आणि दाण्यातली प्रथिनं, जस्त, लोह तीस टक्क्यांहून जास्त घटली. काळोखी उत्तम, दाणा उपाशी!

उलटा अर्थ काढून घरी जाऊ नका. फुटव्याच्या वेळी खालची पानं एकसारखी पिवळी पडत असतील तर ती भूक आहे, तिथे खत द्याच. दाण्यात चीक भरल्यावरचा पिवळेपणा वेगळा, ते काम चालू आहे. अर्धं नत्र पेरणीला, अर्धं एकविसाव्या दिवसाच्या पाण्याला, मुकुटमुळं फुटताना. पोटरीनंतर गोणीला हात लावू नका.

आता पावाचं. पावाला लवचीकपणा देतात ग्लायडिन आणि ग्लुटेनिन ही दाण्यातली प्रथिनं. फुलोऱ्याच्या आसपास युरियाची हलकी फवारणी केली तर ती वाढू शकतात, वजन मात्र फारसं वाढत नाही. आणि आपल्या बाजार समितीत व्यापारी मूठभर दाणे तळहातावर घेऊन रंग आणि टपोरेपणा बघतो. प्रथिनं मोजून भाव देणारा मला तिथे अजून भेटलेला नाही, तेव्हा तात्यांनी ती फवारणी तरी का करावी? घंटा झाली. प्रश्न मिसळीच्या टेबलापाशी विचारा.