सेरेंगेटी: गुरांना टोचलेली लस

(दृश्य: उघड्या माळावर उभी असलेली सफारीची गाडी, पुढे क्षितिजापर्यंत कळप)

फेब्रुवारी महिना. टांझानियातल्या सेरेंगेटी राष्ट्रीय उद्यानाच्या दक्षिण सीमेलगत, न्दुतूच्या माळावर आपली गाडी उभी आहे. इंजिन बंद. कळपाजवळ खाली उतरायला मनाई, म्हणून उचललेल्या छताखालून मान काढून बघायचं.

समोरची विल्डबीस्टची, म्हणजे गायीसारख्या दिसणाऱ्या मोठ्या हरणाची, मादी आडवी होते, उठते, पुन्हा आडवी होते. वासराचे पुढचे खूर बाहेर आलेत. बाजूच्या माद्यांचं चरणं चालूच आहे. बद्दकन वासरू खाली येतं. ओलं, मातकट रंगाचं. आई चाटायला लागते. ते उठू बघतं, पुढच्या गुडघ्यांवर आपटतं, परत उठतं. काही मिनिटांत चारही पायांवर उभं! उभं राहावंच लागतं. पलीकडे तरस ताटकळत बसलंय.

(दृश्य: आखूड गवत, जवळून)

बहुतेक माद्या इथेच आणि या थोड्याच आठवड्यांत वितात. कारण पायाखाली आहे. हा माळ ज्वालामुखीच्या राखेचा. खाली कठीण थर असल्यामुळे झाडांची मुळं खोल जात नाहीत. गवत मात्र आखूड, आणि कॅल्शियम-फॉस्फरसनं भरलेलं. दुभत्या जनावराला काय लागतं, हे ज्यानं गोठा सांभाळलाय त्याला सांगायला नको.

मे महिन्यापर्यंत इथलं पाणी आटतं आणि कळप उत्तरेकडे निघतात. तेरा लाखांच्या आसपास विल्डबीस्ट, सोबत लाखांच्या घरात झेब्रे. झेब्रा उंच, राठ गवत खातो, त्यामागून विल्डबीस्ट, आणि नंतर फुटलेले कोवळे कोंब गॅझेल हरणं टिपतात. जुलै-ऑगस्टपर्यंत आघाडीचे कळप केनियाच्या सीमेवरच्या मारा नदीशी पोचतात.

(दृश्य: नदी, उड्या, मगरी)

हे दृश्य तुम्ही टीव्हीवर शंभरदा पाहिलंय, म्हणून फार थांबत नाही. एवढंच सांगतो, की मगरींपेक्षा बुडून आणि चेंगरून मरणारे कितीतरी जास्त. वर्षाला सरासरी सहा हजारांवर. त्यांवर गिधाडं जगतात, मासे जगतात, आणि तळाशी उरलेली हाडं नदीला वर्षानुवर्षं फॉस्फरस पुरवत राहतात.

आता जरा मागे जाऊ. पर्यटकांना वाटतं, हे कळप अनादी काळापासून असेच आहेत. तसं नाही. १९६० च्या सुमाराला इथे जेमतेम अडीच लाख विल्डबीस्ट होते.

(दृश्य: जुनी छायाचित्रं, मसाई गुराखी आणि गुरं)

कारण बुळकांडी, गुरांचा जीवघेणा साथीचा रोग. आपल्याकडच्या जुन्या शेतकऱ्यांना हे नाव पुरेसं आहे. १८८७ च्या सुमारास हा रोग आफ्रिकेच्या शिंगात, म्हणजे खंडाच्या ईशान्य टोकाला, इटालियन फौजेसाठी आणलेल्या गुरांबरोबर उतरला. ती गुरं हिंदुस्थानातून आली असावीत, असं बरेच अभ्यासक मानतात. दोन-चार वर्षांत रोग सेरेंगेटीपर्यंत पोचला. मसाईंची बहुतेक गुरं गेली आणि पाठोपाठ भुकेनं माणसंही. रानातले विल्डबीस्ट आणि रानम्हशीही त्यातून सुटल्या नाहीत.

इकडे आपल्या देशातही बुळकांडीनं उच्छाद मांडला होता. जनावरांच्या रोगांवर संशोधन करायला सरकारनं प्रयोगशाळा काढली ती १८८९ साली, पुण्यात. पुढे ती कुमाऊंतल्या मुक्तेश्वरला गेली. आफ्रिकेत खरी कलाटणी मिळाली ती केनियातल्या मुगुगा इथे पशुवैद्य वॉल्टर प्लोराइट यांनी तयार केलेल्या लशीनं. पण सेरेंगेटीभोवतीच्या गुरांना लस टोचायचं काम त्याआधीच, १९५० च्या दशकात सुरू झालं होतं. रानातल्या जनावराला कोणी सुई लावली नाही. गुरांतला रोग हटला, तसा १९६३ नंतर जन्मलेल्या विल्डबीस्टमध्ये त्याचा मागमूस राहिला नाही. मधल्या काही वर्षांत पावसानंही हात दिला, आणि १९७७ पर्यंत आकडा तेरा-चौदा लाखांवर गेला.

(दृश्य: बाभळींची रांग, पानं ओरबाडणारा जिराफ)

एवढी तोंडं चरायला लागली, तेव्हा वाळून पेटायला गवतच कमी उरलं. वणवे घटले. रोपटी जगली, बाभळी वाढल्या. तुमच्या कॅमेऱ्यात येणाऱ्या इथल्या कितीतरी झाडांचं मूळ असं त्या गुरांच्या लशीत आहे.

आणि ज्यांची ती गुरं, त्या मसाईंना १९५९ मध्ये उद्यानाच्या हद्दीतून उठवून शेजारच्या न्गोरोंगोरोत पाठवलं गेलं. सफारीच्या रंगीत पत्रकांत हे छापत नाहीत.

बुळकांडी २०११ मध्ये जगातून संपल्याचं जाहीर झालं, पण गावातून रानात रोग जायची वाट काही बंद झालेली नाही. १९९४ मध्ये कुत्र्यांचा डिस्टेंपर रोग सिंहांत शिरला. सेरेंगेटीतले तिसरा हिस्सा सिंह त्यात मेले.

(दृश्य: खेड्यातलं मैदान, दोरीला बांधलेली कुत्री, मुलांची रांग)

त्यामुळे उद्यानाभोवतीच्या खेड्यांत अशी लसीकरणाची शिबिरं भरू लागली. पोरं दोरीनं कुत्री ओढत आणतात, काही कुत्री पळ काढतात, त्यांना पकडून आणतात. एक टोचणी रेबीजची, एक डिस्टेंपरची.