कॉम्प्युटर स्लो झालाय? नवीन घ्यायच्या आधी अँटीव्हायरस किती आहेत ते मोजा

नमस्कार मंडळी, आज दुसराच व्हिडिओ करायचा होता, पण परवाचं डोक्यातून जाईना म्हणून आधी हे सांगतो.

कोपरखैरण्याला ओळखीचे एक काका राहतात, घरूनच तीन-चार दुकानांचे हिशेब बघतात. त्या दिवशी तारीख १८, जीएसटीचं रिटर्न २० ला, आणि हिशेबाचं सॉफ्टवेअर उघडायला घेतलं की चार-चार मिनिटं नुसतं गोल फिरतंय. कुणीतरी सांगून गेलेलं की काका, मशीन म्हातारं झालं, आता नवीनच घ्या. मी टास्क मॅनेजर, म्हणजे कुठला प्रोग्राम मशीनला किती राबवतोय ते दाखवणारी खिडकी, उघडला तर डिस्क १०० टक्के कामात, आणि सगळ्यात वरती दोन वेगवेगळ्या अँटीव्हायरसची नावं! एक लॅपटॉपसोबत ट्रायल म्हणून आलेला, मुदत कधीच संपलेली, आणि दुसरा काकांनी वाशीहून विकत आणून टाकलेला.

आता हे होतं कसं बघा. अँटीव्हायरस विंडोजच्या पार आत, कर्नल म्हणजे विंडोजचा गाभा, तिथे स्वतःचा फिल्टर ड्रायव्हर नावाचा छोटा प्रोग्राम बसवतो, म्हणजे तुम्ही कुठलीही फाइल उघडली की ती आधी त्याच्या हाताखालून जाणार. दोन असले की दोघांच्या. त्यात एकाने तपासायला फाइल उघडली की ते बघून दुसराही तीच तपासायला लागू शकतो, आणि हिशेबाच्या सॉफ्टवेअरला एका वेळी ढीगभर छोट्या फाइली लागतात, मग डिस्कचा जीव जाणारच ना. व्हायरस सापडला तरी भांडण, एक फाइल क्वारंटाइनमध्ये, म्हणजे वेगळी कोंडून, टाकतोय आणि दुसरा तीच फाइल धरून बसलाय.

विंडोज १० आणि ११ मधला डिफेंडर, म्हणजे विंडोजचा स्वतःचा अँटीव्हायरस, मात्र शहाणा आहे, बाहेरच्या अँटीव्हायरसची विंडोजकडे नीट नोंद झाली की तो सहसा आपणहून बाजूला होतो. बाहेरचे दोन एकमेकांसाठी असे बाजूला होत नाहीत.

आणि एकच असला तरी सगळं आलबेल असतंच असं नाही हं. जानेवारी २०१८ मध्ये मेल्टडाउनचा, म्हणजे प्रोसेसरमध्ये सापडलेल्या एका सुरक्षेच्या दोषाचा, पॅच (दुरुस्तीचं अपडेट) आला तेव्हा काही अँटीव्हायरस कर्नलच्या मेमरीत नको तिथे हात घालत होते, पॅच टाकला की निळी स्क्रीन येऊन मशीन बंद. शेवटी मायक्रोसॉफ्टने ठरवलं की अँटीव्हायरसने रजिस्ट्रीत (विंडोजच्या सेटिंग्जच्या नोंदवहीत) ठरावीक नोंद केल्याशिवाय त्या मशीनला अपडेट द्यायचंच नाही. म्हणजे जुना, अपडेट न होणारा अँटीव्हायरस ज्यांच्याकडे होता त्यांचं विंडोजच त्या दुरुस्तीविना असुरक्षित राहिलं, मला ही गोष्ट फार लागते.

तुम्ही काय करायचं, तर विंडोज सिक्युरिटी उघडा, खाली सेटिंग्ज, त्यात मॅनेज प्रोव्हायडर्स, तिथे नावं दिसतील. मुदत संपलेला आहे तो अनइन्स्टॉल करा, रीस्टार्ट करा. पण एवढ्यावर थांबू नका, कारण बऱ्याचदा ड्रायव्हर मागे राहतो, म्हणून त्याच कंपनीच्या स्वतःच्या साइटवरून रिमूव्हल टूल, म्हणजे उरलंसुरलं काढणारा प्रोग्राम, घेऊन चालवा, भलत्या साइटवरून अजिबात नको. काकांच्या मशीनवर हेच राहिलेलं होतं, टूल चालवून पुन्हा चालू केलं तर सॉफ्टवेअर वीसेक सेकंदांत उघडलं आणि काकू आतून चहा घेऊनच आल्या.

एक मात्र कळकळीने सांगतो, वैतागून अँटीव्हायरस कायमचा बंद करून ठेवू नका, बँकेचं सगळं त्याच मशीनवर असतं. आणि पैसे भरलेला काढून परत टाकणार असाल तर आधी लायसन्स की वहीत लिहून ठेवा, खोक्यावरची शाई उडते.