खंडणीचं पोलाद

[पडदा काळा. फक्त जहाजाचा भोंगा. मग दृश्य: कानमोन सामुद्रधुनी, पहाट.]

हे शिमोनोसेकी. जपानच्या सगळ्यात मोठ्या बेटाचं, होन्शूचं, पश्चिमेकडचं टोक. समोर दिसतंय ते क्यूशू बेट. मधलं पाणी इतकं चिंचोळं की पलीकडच्या घरांच्या खिडक्या मोजाव्यात. काठावरच्या चढणीवर एक नावाजलेली खानावळ आहे, शुनपानरो. तिची प्रसिद्धी फुगु माशाची. कोकणात मच्छीमारांची जाळी कुरतडणारा केंड मासा ज्यांना ठाऊक आहे, त्यांना सांगायला हरकत नाही की हा त्याच्याच कुळातला. विषारी. नीट कापला नाही, तर जेवायला बसलेला माणूस पानावरून उठत नाही.

१८९५ च्या वसंतात याच खानावळीत चीन आणि जपान तहाला बसले.

[दृश्य: स्मारक-दालनातलं लांब टेबल आणि गादीच्या खुर्च्या. कॅमेरा एका रिकाम्या खुर्चीवर थांबतो.]

इथे ली हुंगचांग. वय बहात्तर, चीनच्या छिंग दरबारातले सगळ्यात मुरलेले मुत्सद्दी. समोर जपानचे पंतप्रधान ईतो हिरोबुमी. कोरियावर वरचष्मा कुणाचा, यावरून पेटलेलं युद्ध चीन हरला होता. लींनी हौसेनं उभं केलेलं आरमार, त्यातल्या जर्मनीत बांधलेल्या दोन अजस्र लढाऊ जहाजांसकट, संपलं होतं. त्यातलं एक, झेनयुआन, जपान्यांनी ओढून नेलं आणि आपल्या ताफ्यात घेतलं. त्याचा नांगर टोकियोच्या उएनो बागेत मांडला. रविवारी मुलंबाळं घेऊन लोक तो बघायला जात.

ईतो आणि ली एकमेकांना नवे नव्हते. दहा वर्षांपूर्वी तिएनचिनमध्ये दोघांची बोलणी झाली होती. तेव्हा सुधारणांचा विषय निघाला होता, मग इतक्या वर्षांत काहीच कसं बदललं नाही, असं ईतोंनी या टेबलावर लींना विचारलं. विचारणारा जिंकलेला, उत्तर देणारा हरलेला. प्रश्न मात्र खरा होता, आणि लींनाही तो मान्य होता.

तिसऱ्या बैठकीनंतर, २४ मार्चला, ली मुक्कामाच्या देवळाकडे परतत असताना एका जपानी तरुणानं त्यांच्यावर पिस्तूल झाडलं. गोळी डाव्या डोळ्याखाली शिरली. म्हातारा वाचला. जपानची जगभर नाचक्की झाली, आणि आधी तीस कोटी ताएल (ताएल म्हणजे चांदी मोजायचं चिनी वजन) चांदी मागणाऱ्या जपाननं वीस कोटींवर समाधान मानलं. त्या दिवसापासून ली मागच्या गल्लीतून ये-जा करू लागले. ती गल्ली अजून त्यांच्या नावानं ओळखली जाते.

[दृश्य: ती अरुंद गल्ली. कुणी नाही.]

१७ एप्रिल १८९५ ला सह्या झाल्या. तैवान गेलं. मंचुरियातला लियाओतुंग द्वीपकल्पही लिहून दिला होता, पण रशिया, जर्मनी आणि फ्रान्सनं दमदाटी करून जपानला तो परत करायला लावला. त्या बदल्यात आणखी तीन कोटी. एकूण तेवीस कोटी ताएल. जपान सरकारच्या त्या वेळच्या चार वर्षांच्या खर्चापेक्षा ही रक्कम मोठी होती. चीनला ती कर्ज काढून लंडनमध्ये पौंडांत चुकती करावी लागली, आणि त्याच पौंडांच्या भरवशावर जपाननं १८९७ मध्ये आपलं चलन सोन्याला बांधलं.

बहुतेक पैसा तोफा-जहाजांत गेला. एक छोटा हिस्सा मात्र समोरच्या किनाऱ्यावर, यावाता नावाच्या खेड्यात खर्च झाला. आपली गोष्ट तिथून सुरू होते.

[दृश्य: कृष्णधवल छायाचित्र. अर्धवट बांधलेली झोतभट्टी, समोर ओळीनं उभे अधिकारी.]

फेब्रुवारी १९०१. यावाताच्या सरकारी पोलाद कारखान्यात पहिल्यांदा भट्टी पेटली. आराखडा जर्मन, तंत्रज्ञ जर्मन, कोळसा जवळच्या चिकुहो खाणींतला. आणि लोहखनिज? ते आलं चीनमधून. यांगत्से नदीकाठच्या दाये खाणीतून.

इथे जरा थांबावं लागेल. कारण पोलाद करण्याची अक्कल चीनला नव्हती, असं नाही. यावाताच्या सात वर्षं आधी, १८९४ मध्ये, झांग झिदोंग नावाच्या सुभेदारानं हानयांगला, म्हणजे आजच्या वुहान शहरात, भट्टी पेटवली होती. पण विलायतेहून आलेली पोलाद करायची बेसेमर यंत्रं आणि दायेचं फॉस्फरसयुक्त खनिज यांची जोडी जमेना. रूळ ठिसूळ निघू लागले. कारखाना कर्जात रुतत गेला. कर्ज द्यायला पुढे कोण आलं? जपान. फेड पैशांत नको, खनिजात करा. भट्टी चिनी, खाण चिनी, दगड निघाला की बोटीत भरून यावाताला. १९१५ मध्ये जपाननं चीनपुढे एकवीस मागण्या ठेवल्या, त्यांत या कंपनीत भागीदारी हवी, ही मागणी वेगळं कलम करून घातलेली होती.

म्हणजे यावाताच्या उभारणीत चीनची खंडणी होती आणि पोटात चीनचाच दगड होता.

[दृश्य: टोकियोतली जुनी ट्राम. वेणीवाले चिनी विद्यार्थी.]

गंमत अशी की याच वर्षांत हजारो चिनी तरुण शिकायला टोकियोला जात होते. ज्यानं हरवलं, त्याच्याकडेच शिकायचं. सुन यत्-सेन यांनी चीनची राजेशाही उलथण्यासाठी संघटना स्थापली, ती १९०५ मध्ये टोकियोत. हे तरुण परतताना शब्दही घेऊन गेले. आपण संस्कृतातून 'महापौर' आणि 'दिनांक' घडवले, तसे जपानी विद्वानांनी चिनी अक्षरं जोडून 'तत्त्वज्ञान', 'प्रजासत्ताक' यांसाठी नवे शब्द तयार केले होते. आजच्या चीनच्या अधिकृत नावात जो 'प्रजासत्ताक' शब्द आहे, तो असा टोकियोमार्गे घरी आलेला. अक्षरं आजोळची, शब्द भाच्याचा.

चीन-जपानचं 'दोन हजार वर्षांचं वैर' असं आपल्याकडच्या चर्चांत सर्रास ऐकू येतं. मला ते पटत नाही. त्या दोन हजार वर्षांत लिपी, बौद्ध धर्म, चहा, कागद हेच जास्त वाहिलं; तलवारी फार थोड्या वेळा. वैर म्हणावं असं जे आहे ते गेल्या सव्वाशे वर्षांतलं. आणि त्याला आपल्याकडचा शब्द शत्रुत्व नाही, भाऊबंदकी आहे. भाऊबंदकीत एकमेकांची भांडीकुंडीसुद्धा एकमेकांच्या घरात सापडतात.

[दृश्य बदलतं. आवाज थांबतो. मार्को पोलो पूल.]

१९३१ मध्ये जपाननं मंचुरिया घेतलं. ७ जुलै १९३७ ला पेकिंगजवळच्या या पुलावर चकमक, आणि मग उघड युद्ध. डिसेंबरमध्ये नानजिंग पडलं. पुढचे काही आठवडे जपानी सैन्यानं त्या शहरात कत्तल आणि बलात्कार केले. मृतांचा आकडा किती, यावर दोन्ही देशांत आजही वाद आहे. चीन तीन लाख म्हणतो.

१९३८ मध्ये सोलापूरचे डॉक्टर द्वारकानाथ कोटणीस भारतीय वैद्यकीय पथकाबरोबर चीनला गेले. पाच डॉक्टरांत नागपूरचे चोळकरही होते. कोटणीस परतले नाहीत. उत्तर चीनच्या डोंगरांत जखमींवर शस्त्रक्रिया करता करता ९ डिसेंबर १९४२ रोजी वारले. वय बत्तीस. शिजियाझुआंगच्या हुतात्मा स्मारकात त्यांचा पुतळा आहे.

[दृश्य: दगडी रोलर दोरांनी ओढणारे शेकडो मजूर.]

ही माणसं चेंगदूजवळ धावपट्टी तयार करताहेत. दगड हातांनी फोडलेले, रोलर माणसांनी ओढलेला. १५ जून १९४४ च्या रात्री इथून अमेरिकेची बी-२९ विमानं उडाली. त्यांचे मूळ तळ आपल्या खरगपूरच्या आसपास होते. पेट्रोलचा थेंबन् थेंब हिमालयावरून आणलेला. जपानच्या मुख्य भूमीवरचा या विमानांचा हा पहिलाच हल्ला. लक्ष्य कोणतं निवडलं?

यावाताचा पोलाद कारखाना.

कारखान्याचं फारसं काही बिघडलं नाही. पण ८ ऑगस्ट १९४५ ला यावातावर पुन्हा आग बरसली आणि शहर जळालं. दुसऱ्या दिवशी शेजारच्या कोकुरावर अणुबॉम्ब टाकायला विमान आलं, तर खाली काही दिसेना. ढग होते की यावाताचा धूर, यावर अजून वाद चालतो. विमान वळलं आणि नागासाकीवर गेलं.

[दृश्य: १९७२. पेकिंग विमानतळावर तानाका आणि चौ एन-लाय हात मिळवतात.]

२९ सप्टेंबर १९७२. जपानचे पंतप्रधान तानाका आणि चीनचे पंतप्रधान चौ एन-लाय यांनी संयुक्त निवेदनावर सह्या केल्या. त्यात एक वाक्य होतं: चीन युद्धाच्या नुकसानभरपाईवरचा हक्क सोडत आहे. १८९५ मध्ये तेवीस कोटी ताएल मोजणाऱ्या देशानं या वेळी एक पैही घेतली नाही. महिन्याभरात दोन पांडा टोकियोला आले आणि उएनोच्या प्राणिसंग्रहालयात राहू लागले. त्याच उएनो बागेत, जिथे पूर्वी तो नांगर होता. नांगर १९४७ मध्ये चीनला परत गेला होता.

[दृश्य: ऑक्टोबर १९७८. शिंकान्सेनच्या खिडकीशी डेंग शियाओपिंग.]

सहा वर्षांनी चीनचे नेते डेंग शियाओपिंग जपानला आले. बुलेट ट्रेनमध्ये पत्रकारांनी विचारलं, कसं वाटतंय? मागून कुणीतरी पळायला ढकलतंय असं वाटतं, या अर्थाचं ते काही बोलले. दोन्ही देश हक्क सांगतात त्या सेनकाकू बेटांचा प्रश्न निघाला. चीन त्यांना दिआओयू म्हणतो. आमच्या पिढीला तेवढं शहाणपण नाही, पुढची पिढी बघेल, असं म्हणून त्यांनी तो बाजूला ठेवला. बांधाचं भांडण नातवंडांवर सोपवण्याची ही रीत आपल्या खेड्यापाड्यांत फार चांगली ठाऊक आहे. ते पुढे कसं उफाळतं, हेही.

पण डेंग खरे आले होते ते खरेदीला. टोकियो उपसागराकाठी किमित्सु इथे निप्पॉन स्टीलचा अत्याधुनिक कारखाना होता. निप्पॉन स्टील म्हणजे जुन्या यावाताचीच वारस कंपनी. दाखवायला अध्यक्ष इनायामा योशिहिरो बरोबर होते. १९५८ मध्ये यावाताच्या वतीनं चीनशी पोलादाचा करार त्यांनीच केला होता, आणि नागासाकीतल्या एका दुकानात कुणीतरी चीनचा झेंडा खाली ओढल्याच्या रागातून तो मोडला होता. वीस वर्षं वाट पाहिलेला हा माणूस. डेंगनी सगळं बघितलं आणि सांगितलं, आम्हाला असाच एक हवा.

[दृश्य: चिखल. शेकडो खांब ठोकले जाताहेत.]

२३ डिसेंबर १९७८. शांघायजवळ बाओशानला काम सुरू झालं. यांगत्सेच्या मुखाची भुसभुशीत जमीन, आत खोल खांब ठोकावे लागले. मध्येच पेकिंगमध्ये पैशाची ओढाताण झाली, करार स्थगित झाले, जपानी पुरवठादार हवालदिल. जपाननं कर्ज दिलं, काम पुन्हा सुरू झालं. १९७९ पासून चार दशकांत जपाननं चीनला कर्ज आणि मदत मिळून साडेतीन लाख कोटी येनांहून जास्त दिले. भरपाई हा शब्द कुणीच उच्चारला नाही. दोन्ही बाजूंना न उच्चारणंच सोयीचं होतं, असं मला वाटतं.

सप्टेंबर १९८५ मध्ये बाओशानची पहिली भट्टी पेटली.

पुढचं भराभर घडलं. १९९६ मध्ये चीननं पोलाद उत्पादनात जपानला मागे टाकलं. २०१० मध्ये एकूण अर्थव्यवस्थेत. त्याच वर्षी सेनकाकूंजवळ चिनी मासेमारी बोट जपानी गस्तीनौकांवर आदळली आणि चीनकडून जपानला जाणारी दुर्मिळ मृदा, म्हणजे कारखान्यांना लागणारे दुर्मिळ धातू, अडली. २०२३ मध्ये मोटारींच्या निर्यातीतही चीन पुढे गेला. बाओशानचा कारखाना २०१६ मध्ये वुहानच्या पोलाद कंपनीशी जोडला गेला. हो, तेच वुहान, जिथे हानयांग होतं. आणि या वुहानच्या भट्ट्यांनाही सुरुवातीला खनिज दायेचंच होतं. बाओवू नावाची ही कंपनी आज जगातली सगळ्यात मोठी पोलाद कंपनी आहे.

२०२१ मध्ये निप्पॉन स्टीलनं टोकियोच्या न्यायालयात दावा ठोकला: मोटारींच्या विद्युत पोलादाचं, म्हणजे विजेच्या मोटरींत लागणाऱ्या पोलादाचं, आमचं पेटंट बाओस्टीलनं, म्हणजे बाओशानच्या कंपनीनं, वापरलं. सोबत टोयोटालाही ओढलं, कारण ती हे पोलाद घेत होती. आणि जुलै २०२४ मध्ये निप्पॉन स्टीलनं जाहीर केलं की दोघांची शांघायमधली मोटारपत्र्याची वीस वर्षांची भागीदारी संपते आहे. जपानी मोटारींचं चीनमधलं गिऱ्हाईक घटत चाललं होतं.

[दृश्य: किताक्यूशू. ओसरत्या उजेडात जुनी भट्टी, माथ्यावर '१९०१' हे आकडे. शेजारी मॉलचं वाहनतळ.]

यावाताची पहिली भट्टी अनेकदा पाडून-बांधून १९७२ पर्यंत चालू होती. आता ती स्मारक आहे. समोर बाजारहाट करून लोक गाड्यांत पिशव्या भरतात.

[दृश्य: मुंबई. मरोळ नाका, संध्याकाळ.]

आणि हे मरोळ नाका. वरून जाणारी मेट्रो घाटकोपर-वर्सोवा. तिचे डबे नानजिंगमध्ये बांधलेले. खाली जमिनीच्या पोटातली आरेकडून येणारी तिसरी मार्गिका. तिच्या खर्चाचा मोठा भाग 'जायका'च्या, म्हणजे जपानच्या, कर्जातून आलेला. दोन्ही मार्ग इथे एकमेकांना भेटतात.

खालच्या गाडीतून उतरलेली माणसं सरकत्या जिन्यावर उभी आहेत. वर घाटकोपरची गाडी येते आहे. दोघं-तिघं पायऱ्या चढत पळायला लागतात.

[पडदा काळा. गाडीचे दरवाजे बंद होण्याचा आवाज.]