चीगाँग: कुठला प्रकार घ्यावा?

नमस्कार, श्रोतेहो.

कचराळी तलावाला पहाटे फेऱ्या मारणाऱ्या ठाणेकरांना प्राणायाम नव्याने सांगावा लागत नाही. हल्ली मात्र तिथेच कुणीतरी थांबवून विचारतं, "काकू, चीगाँग शिकायचंय, कुठला प्रकार घेऊ?"

चीगाँग म्हणजे श्वास आणि संथ हालचाली यांची चिनी साधना. 'ची' म्हणजे श्वास, प्राण. 'गाँग' म्हणजे मेहनतीने कमावलेलं कसब. या दुसऱ्या शब्दाकडे आपलं लक्षच जात नाही. माझंही गेलं नव्हतं. दोन दिवसांच्या एका शिबिरात 'ऊर्जा उघडून देऊ' म्हणाले, श्वास कोंडायला लावला. मला गरगरलं, आणि पुढचा आठवडा गुडघा धरून बसले.

चीनमध्येही १९८० च्या दशकात अशी लाट आली होती. गुरू म्हणवणारे तळहातातून ऊर्जा सोडून आजार बरे करण्याचे दावे करत. पुढे २००३ साली तिथल्या क्रीडा खात्याने चार जुने संच ठरावीक रूपात लोकांपुढे ठेवले. त्यातला बादुआनजिन मी सगळ्यांना सुचवते. नावाचा अर्थ, भरजरी कापडाचे आठ तुकडे. चीनमधल्या सोंग राजवटीच्या, म्हणजे दहाव्या ते तेराव्या शतकाच्या, काळापासून तो चालत आलाय. आठ हालचाली, बहुतेक उभ्यानेच, आणि पाऊण चटईची जागा पुरते. वाघ, हरीण, अस्वल, माकड, पक्षी यांच्या चालींचा वूचिनशी गोड आहे, पण गुडघे कुरकुरत असतील तर तो नंतर.

बादुआनजिनची दुसरी हालचाल धनुष्य ओढायची. इथेच शिकवणाऱ्याची पारख होते. पाय फाकवून बसकण घेताना तुमचे गुडघे आत वळतात का, हे तो बघतो का? "जमेल तेवढंच वाका" म्हणतो का? की नुसता स्वतः सुंदर करून दाखवतो? आणि बीपीच्या गोळ्या बंद करा म्हणणाऱ्याकडे तर पुन्हा पाऊल टाकू नका. शेवटच्या हालचालीत टाचा उचलून सोडतात. हाडं ठिसूळ असतील तर त्या आपटू नका, अलगद टेकवा.

तीन महिने हा एकच संच, रोज. मध्येच दुसरा व्हिडिओ लावू नका.

पावसाळ्यात तलावावर जाणं होत नाही. मी गॅलरीत, कपड्यांच्या दोरीखाली उभी राहते. पहिल्याच हालचालीत बोटं गुंफून तळवे आभाळाकडे न्यायचे असतात, ते दोरीला लागतात. मग अर्धं पाऊल मागे सरते आणि पुन्हा सुरू करते.