शेवाळ नाही हो, मॉस! आणि ते बेटावर पोचलं कसं?

नमस्कार मंडळी. तोरणमाळच्या व्हिडिओखाली एकच कमेंट परत परत येतेय, "भाऊ, शेवायवर इतलं काय बोलनं?" अहो, शेवाय नाही! शेवाळ विहिरीत, हौदात. हे मॉस. नववीच्या पुस्तकात ब्रायोफायटा होतं ना, मर्केंशिया, फ्युनारिया, ज्याचे दोन मार्क तुम्ही ऑप्शनला टाकले? तेच. खरं मूळ नाही, फूल नाही, बी नाही. झालं, पुढे.

दुसरा प्रश्न, भर समुद्रातल्या बेटांवरचं मॉस अगदी जगावेगळं असेल ना? इथेच सगळे घसरतात. मीही तोरणमाळला घसरलो, पण खरोखरचा. गुडघा अजून दुखतो.

जरा जवळून दाखवतो. ही दांडी, वर ही बोंडी. टोपण काढलं की तोंडाशी बारीक दातांची रांग. सुईने टिचकी मारली... धूर दिसला? ते बीजाणू, म्हणजे बी नव्हे, पण नवं मॉस ज्यातून उगवतं ते बारीक कण. एकेक साधारण १५ मायक्रॉनचा, आपला केस त्याच्या कितीतरी पट जाड. वाऱ्याला कसलं ओझं! आइसलँडजवळ सुर्त्सी बेट १९६३ साली समुद्रातून वर आलं. १९६७ साली तिथे मॉस सापडलं. कोण होतं त्यात? आपला दोन मार्कांचा फ्युनारिया!

आता हवाई बघा. तिथल्या मूळच्या फुलझाडांपैकी जवळपास ९० टक्के जगात दुसरीकडे कुठेच नाहीत. मॉस आणि लिव्हरवर्टमध्ये (मॉसचं भाऊबंद, आपला मर्केंशिया त्यातलाच) हे प्रमाण बरंच कमी. बी एखादवेळी चुकून पोचते, मागे येणारं कोणी नसतं, पिढ्यान् पिढ्या ती बदलत जाते. बीजाणू मात्र येतच राहतात, आणि बेटावरच्या मॉसमध्ये बाहेरचं मिसळत राहतं.

नाही पटलं? आपली माणसं सुरतला गेली. दर आठवड्याला कोणी ना कोणी गाडीत बसतंच, म्हणून उधन्यात अजून अहिराणी ऐकू येते. मॉरिशसला गेलेल्या मराठी घरांत आज क्रिओल बोलतात. कारण मागून येणारं कोणी उरलं नाही.

तिसऱ्यांदा सांगतो, कारण खाली पुन्हा विचारणारच आहात. पोचणं सोपं, म्हणूनच वेगळं होणं अवघड. काही जाती होतात वेगळ्या, नाही असं नाही, पण फुलझाडांइतक्या नाहीत.

जाता जाता. आपल्या पायाखालचा काळा पाषाण ६.६ कोटी वर्षांपूर्वी ज्या हॉटस्पॉटमधून आला (मोबाईलचा नव्हे, जमिनीच्या पोटातून लाव्हा वर येतो ती जागा!), तोच आज हिंदी महासागरातल्या रियुनियन बेटाखाली आहे, असं भूवैज्ञानिक मानतात. म्हणजे दगड भाऊबंदच. फरक पावसाचा. तिथल्या धुक्याच्या जंगलात लिव्हरवर्ट झाडाच्या जिवंत पानांवरसुद्धा चढतं. आपल्याकडे आठ महिने कोरडे.

ही काडेपेटी. गेल्या पावसाळ्यातलं मॉस, आख्खा मे महिना जळगावात पत्र्याखाली पडून होतं. चहापत्तीसारखं काळं झालंय. थेंबभर पाणी टाकतो. थांबा... अजून थोडं... ही बघा, पानं उघडली!