पेलतो किती ते सोडा, डुलतो किती ते बघा

(दृश्य: गणपतीच्या मांडवातलं स्टेज, कार्यक्रम सुरू व्हायच्या आधीची गडबड)

साउंडवाला वायरी टाकतोय, ऑक्टोपॅडवाला स्टूल शोधतोय, ढोलकीवाला अजून चहाच्या टपरीवरच आहे, आणि कीबोर्डवाला काय करतोय बघा, खाली वाकून स्टँडच्या एका पायाखाली पुठ्ठ्याची घडी सरकवतोय. आता वरचा कीबोर्ड लाखभराचा आहे हां. केबल चांगली, अ‍ॅडॉप्टर ओरिजिनल, वर धूळ बसू नये म्हणून शिवून घेतलेलं कव्हर, सगळं व्यवस्थित, आणि हे सगळं ज्याच्यावर उभं आहे तो स्टँड मात्र दुकानदाराने कीबोर्डाबरोबर "हा घेऊन जा" म्हणून दिलेला.

आजची फिल्म त्या स्टँडवर आहे.

(दृश्य: जुनी पायपेटी, खालच्या भात्यांवर कॅमेरा)

तर पहिली गोष्ट म्हणजे पूर्वी ऑर्गनला वेगळा स्टँड असा प्रकारच नव्हता. संगीत नाटकाच्या जमान्यात, बालगंधर्वांच्या वगैरे काळात, रंगमंचासमोर खालच्या अंगाला तबला आणि ऑर्गन असायचा, तो ऑर्गन म्हणजे एक लाकडी कपाटच, वर पट्ट्या आणि खाली पायाने हाणायचे दोन भाते. वाजवणारा खुर्चीवर बसून दोन्ही पायांनी सतत हवा भरतोय, वरून नटाच्या तानेमागं हात पळतायत, आणि एवढी धडपड चालू असूनही ऑर्गन जागचा हलत नाही, कारण त्याचं खोकं थेट जमिनीपर्यंत गेलेलं.

तिकडं अमेरिकेत लॉरेन्स हॅमंडने 1935 साली विजेवरचा ऑर्गन आणला, त्यातलं गाजलेलं मॉडेल बी-थ्री, 1954 चं. बाक आणि पायाच्या पट्ट्या धरून वजन सुमारे 190 किलो. उचलायला चार माणसं. त्याला कसला स्टँड लावताय, त्याने स्टेज खचलं नाही तरी नशीब. मग 1962 ला इंग्लंडमधून व्हॉक्स काँटिनेंटल आला, ट्रान्झिस्टरवाला, हलका, आणि त्याचे ते क्रोमचे चकचकीत इंग्रजी झेडसारखे वाकवलेले पाय, काढून ठेवता येणारे. द डोर्स या अमेरिकन रॉक बँडच्या रे मॅन्झारेकपुढं तो असायचा. दिसायला आजही त्याच्या तोडीचं काही नाही असं माझं मत, पण इथं एक गोष्ट घडली, पाय आणि वाद्य हे दोन वेगळे झाले. आणि 1983 ला यामाहाचा डीएक्स-सेव्हन हा सिंथेसायझर आला तेव्हा उरलंसुरलं पण गेलं. 14 किलोच्या आसपास वजन, खाली सपाट पत्रा, पाय नाहीतच. कंपनीने वाद्य बनवलं, ते कशावर ठेवायचं ते तुमचं तुम्ही बघा.

आणि बाजारात त्याला सगळ्यात स्वस्त उत्तर मिळालं ते म्हणजे एक्स.

(दृश्य: एक्स स्टँड उघडताना, मधली चकती आणि खीळ जवळून)

दोन पाइप, मधे एक बोल्ट, एक दातेरी चकती, खीळ ओढायची, हवं तेवढं फाकवायचं, सोडायची. मिटला की काखेत मारून बसमध्ये चढता येतं, त्यामुळं नवीन पोराच्या हातात पहिला स्टँड हाच येतो आणि त्यात वाईट काही नाही. पण तो घेताना सगळे एकच प्रश्न विचारतात, किती किलो पेलतो? बॉक्सवर मोठ्ठा आकडा लिहिलेला असतो, समाधान होतं, पैसे दिले जातात.

वजन पेलणं अवघड नाहीये हो. 12 किलोचा कीबोर्ड तर प्लास्टिकची खुर्ची पण पेलते. अडचण आहे ती आडव्या जोराची, आणि तो आकडा कुठल्याच बॉक्सवर छापलेला नसतो. एकदा हिशोब करून बघू. कीबोर्ड 12 किलो, स्टँड 5 किलो, झाले 17. उभ्याने वाजवायचंय म्हणून कीबोर्ड जमिनीपासून 1 मीटर वर. स्टँडचा खालचा आडवा पाय पुढून मागं साधारण 45 सेंटीमीटर, म्हणजे मध्यापासून कडेपर्यंत साडेबावीस. 17 ला साडेबावीसने गुणा, 100 ने भागा, येतात 3.8. म्हणजे पट्ट्यांच्या उंचीवर चार किलोच्या आतला धक्का पुढून किंवा मागून बसला की अख्खं प्रकरण कलंडायला लागतं. चार किलो म्हणजे काहीच नाही, केबलमध्ये पाय अडकलेला एखादा कार्यकर्ता त्याच्या कितीतरी पट देतो. तोच स्टँड बसून वाजवायला 70 सेंटीमीटरवर आणला तर साडेपाच किलोपर्यंत टिकतो, आणि उंची तीच 1 मीटर ठेवून पाय 60 सेंटीमीटरचे केले तर पाचच्या वर जातो. त्यामुळं दुकानात टेप घेऊन जा आणि खालचा पाय मोजा, किलोचा आकडा नंतर.

एक्सची अजून एक गंमत आहे. जेवढा उंच कराल तेवढे त्याचे पाय जवळ येतात आणि वरचे हात पण जवळ येतात. म्हणजे उंच माणूस, 88 पट्ट्यांचा सव्वा-दीड मीटर लांबीचा कीबोर्ड, आणि त्याला आधार फक्त मधेच, दोन्ही टोकं हवेत. खालच्या खर्जाच्या पट्टीवर जोरात हात मारला की उजवं टोक वर उठल्यासारखं वाटतं. उलट खाली केला तर पाय फाकतात, स्थिर होतो, पण मग बसल्यावर गुडघे नेमके त्या मधल्या बोल्टवर आपटतात आणि सूर लांबवायचं सस्टेन पेडल कुठं ठेवायचं ते कळत नाही. दुहेरी पाइपवाला एक्स बराच बरा, चकती मोठी असते, मळसूत्र दमदार असतं, पण गुडघ्यांचं दुखणं त्यातही आहेच.

(दृश्य: डावा हात, जॉयस्टिकवर)

आता आडव्या जोराची ही गोष्ट आपल्याकडं जास्त महत्त्वाची का, ते बघा. परदेशी व्हिडिओत सांगतात ते पियानोवाल्यांसाठी असतं, वरून खाली मारायचं, झालं. आपला कीबोर्डवाला काय वाजवतो? बासरी, सनई, सारंगी, ढोलकीच्या गाण्यात मधला तो लचका, आणि हे सगळं मींडेवर चालतं, म्हणजे डावा हात कायम बेंडरवर, सूर वरखाली ओढायच्या दांड्यावर किंवा चाकावर. रोलंड आणि कॉर्गवर तो दांडा डावीउजवीकडं ढकलायचा असतो, यामाहाचं चाक बहुतेक करून पुढंमागं फिरवायचं असतं. म्हणजे तुम्ही गाणंभर कीबोर्डाला एका बाजूने ढकलत असता! एकेरी एक्सचा सांधा जरा झिजला की तो नेमका डावीउजवीकडं डुलतो, आणि रोलंडवाल्याचा बेंड अर्धा सुरात आणि अर्धा स्टँडमध्ये जातो. सूर कमी लागतोय असं वाटून माणूस अजून जोर लावतो, अजून डुलतं. म्हणून दुकानात वरून दाबून बघू नका, ते सगळेच बघतात. स्टँड तुमच्या उंचीला लावा, वर तुमच्याच वजनाचा कीबोर्ड ठेवा आणि डाव्या टोकाला धरून बेंडर ओढल्यासारखं ढकला. दुकानदार वैतागेल, वैतागू दे.

बाकीचे प्रकार पटापट. झेड आकाराचा, गुडघ्यांना जागा भरपूर, पुढंमागं चांगला, वजनाला जड. टेबलासारखा चार पायांचा, जर्मनीच्या कोनिग अँड मेयरचा ओमेगा त्यातला नावाजलेला, 20-22 किलोच्या स्टेज पियानोला हाच, दुसरा विचार नको, रोलंडचा आरडी-2000 साडेएकवीस किलोच्या वर जातो, तो एक्सवर ठेवलेला बघवत नाही. मधे एकच खांब आणि त्यातून हात बाहेर आलेले, अल्टिमेट सपोर्टचे ते अपेक्स वगैरे, टीव्हीवर फार देखणे दिसतात, पाय-पेडल मोकळं, पण तिथं दोन हातांवर कीबोर्ड बरोबर मधोमध बसला पाहिजे आणि किंमत ऐकून घरी विचारावं लागतं.

(दृश्य: फॅब्रिकेशनचं दुकान, ग्राइंडरच्या ठिणग्या)

म्हणून मग लोक इथं येतात. गावागावात गेट, ग्रिल, पाण्याच्या टाकीचे स्टँड बनवणारा वेल्डर असतोच, आणि माझं तर म्हणणं आहे बऱ्याच जणांसाठी हाच रस्ता शहाणपणाचा, फक्त त्याच्यावर सगळं सोपवून चहाला जाऊ नका. तो तुम्हाला हत्ती उभा राहील असं घडवंचीसारखं काहीतरी करून देईल, 18 किलोचं, आणि मग ते कोण उचलणार?

पाइप घ्यायचा चौकोनी, 25 बाय 25, जाडी 1.6 मिलिमीटर, म्हणजे 16 गेज. मीटरला साधारण 1.2 किलो भरतो. टेबल पद्धतीच्या स्टँडला सात मीटरच्या आसपास लागतो, म्हणजे एक वीस फुटी पाइप आणि वर एक तुकडा, वजन साडेआठ किलो, बोल्ट-पट्ट्या धरून नऊ-साडेनऊ. अ‍ॅल्युमिनियममध्ये पाइपचं वजन एक तृतीयांश होतं पण त्याचं वेल्डिंग वेगळं, प्रत्येकाकडं होत नाही आणि पाइप जाड घ्यावा लागतो.

दोन बाजूंच्या दोन चौकटी, मधे दोन आडवे दांडे, सगळं बोल्टने जोडायचं, खोलता आलं पाहिजे नाहीतर रिक्षात बसणार नाही. पण नुसता चौकोन डुलणारच. चौकोनाला कोपऱ्यात कितीही चांगलं वेल्डिंग करा, बोल्टवर आला की तो तिरपा होतो, त्रिकोण तसा तिरपा होत नाही. म्हणून मागच्या बाजूला 25 बाय 3 मिलिमीटरच्या दोन तिरक्या लोखंडी पट्ट्या, फुलीसारख्या. मागच्याच बाजूला, हे वेल्डरला दोनदा सांगा. तो मजबुतीसाठी खाली पुढंही एक दांडा टाकायला बघेल, तिथं तुमचं पेडल येतं आणि तुमचे पाय. 61 पट्ट्यांचा कीबोर्ड साधारण मीटरभर लांब असतो, त्याला दोन चौकटींमध्ये 65 ते 70 सेंटीमीटर ठेवा, 88 ला 90.

उंची कमी-जास्त करायची असेल तर इथं खरी मेख आहे. 25 च्या पाइपात 20 चा पाइप सरकवतात. 1.6 जाडीच्या पाइपाच्या आत 21.8 जागा असते, म्हणजे पावणेदोन मिलिमीटर खेळ, आणि एक मीटर वर तो खेळ चांगलाच जाणवतो. बाहेरचा पाइप 2 मिलिमीटर जाडीचा घेतला तर खेळ एकावर येतो. वरून पाइपाच्या आत वेल्डिंगची शिवण असते ती कानशीने काढावी लागते नाहीतर सरकतच नाही. मग बाहेरच्या पाइपाला भोक पाडून त्यावर नट वेल्ड करायचा आणि नॉबवाला बोल्ट आवळून आतला पाइप एका बाजूला दाबून टाकायचा. वजन दोन्ही पाइपांतून आरपार घातलेल्या खिळीवर, आणि खेळ मारायला हा नॉब. दोन्ही पाहिजेत. नुसत्या दाबावर भरवसा ठेवला तर तिसऱ्या गाण्याला कीबोर्ड इंचभर खाली.

आणि एकटेच वाजवणार असाल तर सरकवायची भानगडच नको, एकाच उंचीचा करा. कशी काढायची? स्टेजवर घालता ती चप्पल-बूट घालून उभे राहा, कोपर काटकोनात, जमिनीपासून कोपरापर्यंत मोजा, त्यातून कीबोर्डची जाडी वजा. कोपर 104 सेंटीमीटरवर, कीबोर्ड 12 जाड, स्टँड 92. बसून वाजवणाऱ्याला पट्ट्यांचा वरचा भाग 72 च्या आसपास हवा, म्हणजे स्टँड 60. भजनी मंडळात मांडी घालून वाजवणारे चौरंगावर ठेवतात, तो हलत नाही, त्यांचं बरं चाललंय.

पायांना खुर्चीचे रबरी बूट चालतात, पण चारातल्या निदान दोन पायांना लेव्हलिंग बोल्ट, म्हणजे फिरवून पायाची उंची थोडी कमी-जास्त करता येते तो, लावून घ्या.

(दृश्य: दोन मजली मांडणी)

दोन कीबोर्ड एकावर एक ठेवणारे, तुमच्यासाठी वेगळं. वरचा मजला हातांवर मागं झुकलेला असतो, त्यामुळं सगळा भार मागच्या बाजूला सरकतो, आणि आधी मागं जे साडेबावीस सेंटीमीटर होते त्यातले सात-आठ सहज जातात. वर हलका, खाली जड, हे तर आहेच, पण मागचे पाय पुढच्यापेक्षा लांब घ्या.

(दृश्य: खानदेशातली वरात, बँडची गाडी)

इथं गणितच वेगळं. गाडीवर जनरेटर, गाडीवरच भोंगे-स्पीकर, आणि त्यातच कीबोर्डवाला. इथं चौकट गाडीच्या सांगाड्यालाच वेल्ड केलेली, कलंडायचा प्रश्न नाही, पण खालून जनरेटरची थरथर आणि रस्त्याचे खड्डे. म्हणून कीबोर्डखाली फोमची जाड पट्टी आणि वरून पट्टा, आणि पट्टा पट्ट्यांवरून नाही तर दोन्ही कडांवरून, कारण नवरदेवाचा मित्र गाडीवर चढणार म्हणजे चढणार. नट सगळे नायलॉक, म्हणजे आत नायलॉनची कडी असलेले, साधा नट दोन लग्नात सैल होतो.

(दृश्य: मांडवातलं स्टेज परत, फळ्यांवर कार्पेट)

आणि आपल्या भाड्याच्या स्टेजचं एक. खाली लोखंडी घोडे, त्यावर फळ्या, त्यावर कार्पेट, त्यामुळं दोन फळ्यांमधली फट दिसत नाही. स्टँड लावायच्या आधी त्या जागी स्वतः उभे राहून उड्या मारा. फळी वाजली तर दोन फूट सरका, शक्यतो जिथं खाली घोडा आहे तिथं. चारही पाय एकाच फळीवर येत असतील तर उत्तम, नसतील तर 18 मिलिमीटरचा प्लायचा एक तुकडा, तीन फूट बाय दोन फूट, जेमतेम सात किलोचा, तो मांडववाल्याकडं असतोच, मागितला की देतो. ड्रमवाल्याच्या फळीवर मात्र पाय ठेवू नका, त्याची प्रत्येक किक तुमच्या स्टँडमधून वर येते.